ड्रॉपचे वर्ष

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या दुकानात एक ठरावीक मजकूर निघतो. नाव, वय, पत्ता, आणि मग, 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर सदर शैक्षणिक वर्षात मी कोठेही प्रवेश घेतलेला नव्हता, कोठेही नोकरी केलेली नव्हती व कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता.' लोक याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात. मुलगा किंवा मुलगी खाली सही करते, शेजारी बाप उभा असतो.

तहसील कार्यालयासमोर १९९१ साली मी टंकलेखनाचे टेबल मांडले, तेव्हापासून हा मजकूर मी टाइप करतो आहे. टेबलाचे पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान झाले, टाइपरायटर जाऊन संगणक आला, पण मजकूर तोच राहिला. मी डॉक्टर नाही आणि शिक्षणशास्त्रही शिकलेलो नाही. लोकांचे अर्ज भरता भरता जुनी माहितीपत्रके, गुणवत्ता याद्या आणि कात्रणे साठवण्याची सवय लागली, एवढेच माझे भांडवल. त्या साठ्यातून आणि काउंटरपलीकडे उभ्या राहिलेल्या माणसांशी झालेल्या बोलण्यातून हा लेख तयार झाला आहे.

तो याच वर्षी लिहायचे कारण घरातले आहे. १४ जून २०२५ रोजी 'नीट'चा निकाल लागला आणि संध्याकाळी भाचीचा फोन आला. ७२० पैकी ४३१. रडली नाही. तिने सरळ विचारले, "मामा, ड्रॉप घेऊ का? तुम्ही सांगाल तसं करते."

या प्रश्नावर इतरांना मी शेकडो वेळा सल्ला दिला होता. त्या दिवशी मात्र, "चार दिवस दे," एवढेच म्हणालो. ते चार दिवस का मागितले, ते लेखाच्या शेवटी येईल.

शब्द तोच, अर्थ तीन

'ड्रॉप' हा शब्द आपल्याकडे तीन पिढ्यांनी तीन अर्थांनी वापरला आहे.

माझ्या वेळी, म्हणजे १९८०च्या दशकात, वैद्यकीय प्रवेश बारावी बोर्डाच्या गुणांवर होत. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांची बेरीज करायची आणि यादीत नाव शोधायचे. प्रवेशासाठी सगळे विषय एकाच बैठकीत सुटलेले असावेत, हा आमच्यात पक्का समज होता. त्यामुळे पहिलाच भौतिकशास्त्राचा पेपर अवघड गेला, की हुशार समजली जाणारी मुले पुढच्या पेपरला बसतच नसत. जाणूनबुजून नापास व्हायचे आणि पुढच्या मार्चमध्ये कोऱ्या पाटीने बसायचे, याला आम्ही 'ड्रॉप घेणे' म्हणत असू. निर्णय निकालानंतर नव्हे, परीक्षेच्या मधल्या सुटीत व्हायचा, आणि तो घेणारा सतरा-अठरा वर्षांचा असायचा.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याची सीईटी आली आणि ड्रॉपचा अर्थ बदलला. बारावी एकदा सुटली की सुटली, पुन्हा द्यायची ती फक्त सीईटी. मुले नावापुरता बी.एस्सी.ला प्रवेश घेत आणि वर्षभर तयारी करीत. लातूरमध्ये राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांवरून 'लातूर पॅटर्न' हे नाव रूढ झालेच होते. त्याच्या आसपास खासगी वर्गांची वस्ती वाढली, तिला आज गावकरीच 'ट्यूशन एरिया' म्हणतात. जाहिरातींत 'रिपीटर बॅच' हा शब्द याच काळात ठळक झाला. आधी अपयश मानून लपवले जाणारे वर्ष आता विकत मिळू लागले.

तिसरा अर्थ 'नीट'ने दिला. ही परीक्षा पहिल्यांदा ५ मे २०१३ रोजी झाली. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि ११ एप्रिल २०१६ रोजी आपलाच निर्णय मागे घेतला. त्या वर्षी अनेक राज्यांतली मुले ऐन मे महिन्यात आपली परीक्षा नेमकी कोणती, हे विचारत फिरत होती. महाराष्ट्राची सीईटी ५ मे २०१६ रोजी झाली आणि केंद्राने अध्यादेश काढून राज्यांच्या सरकारी जागांना त्या वर्षापुरती सवलत दिली. २०१७पासून मात्र राज्यांच्या जागांसाठी एकच दार उरले.

एकाच दाराचा परिणाम काय झाला, याचे सर्वांत स्पष्ट चित्र तमिळनाडूत मिळते. तिथल्या सरकारने निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. २०२१मध्ये आलेल्या तिच्या अहवालानुसार, एमबीबीएसला प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण २०१६-१७मध्ये १२.४७ टक्के होते, ते २०२०-२१मध्ये ७१.४२ टक्के झाले. तमिळनाडूत आधी बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असल्यामुळे तिथला बदल इतका तीव्र दिसतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी दिशा कळते. बारावीसोबत पहिल्याच वेळी परीक्षा देणारे मूल आता मुख्यतः अशा मुलांशी स्पर्धा करते, ज्यांनी तोच अभ्यासक्रम दोनदा, तीनदा वाचलेला आहे. त्याला पहिल्या वेळी जागा मिळाली नाही, तर लगेच त्याला कमी समजू नये, हे पालकांना मी आधी सांगतो.

थांबा कोण म्हणणार?

अभियांत्रिकीच्या आयआयटी प्रवेशासाठी जी जेईई अॅडव्हान्स्ड परीक्षा आहे, ती लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. तिथे व्यवस्थाच मुलाला कधीतरी 'आता पुरे' म्हणते. वैद्यकीयला तसे कुणी म्हणत नाही. २०१७च्या सुमारास कमाल वय २५ (राखीव प्रवर्गांना ३०) आणि तीन प्रयत्न अशी बंधने आणण्याचा प्रयत्न झाला. प्रकरण न्यायालयांत गेले, अंतरिम आदेश निघत राहिले. शेवटी मार्च २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कमाल वयाची अट काढून टाकल्याचे जाहीर झाले. आज किमान वय १७ एवढीच अट आहे आणि प्रयत्नांना मर्यादा नाही.

हे न्याय्य आहे, असे मला वाटते. उशिरा शिकणाऱ्याला, मधे नोकरी कराव्या लागलेल्याला दार उघडे राहिले. पण याची दुसरी बाजू मी काउंटरवर पाहतो. पहिल्या ड्रॉपच्या वेळी घरात चर्चा होते. दुसऱ्या वेळी ती होत नाही, कारण एक वर्ष घातलेलेच असते आणि ते वाया गेले असे कुणालाच म्हणायचे नसते. तिसऱ्या वेळी मुलगा एकटाच येतो.

गुण नव्हे, क्रमांक

दुकानात येणारा प्रत्येक पालक आधी गुण सांगतो. "गेल्या वर्षी शेजारच्याला एवढ्यावर लागलं, आमच्याला का नाही?" या प्रश्नाचे उत्तर दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की मिळते.

२०२४मध्ये ६५० किंवा त्याहून अधिक गुण मिळवणारे सुमारे ३० हजार विद्यार्थी होते. २०२५मध्ये पेपर, विशेषतः भौतिकशास्त्र, इतका अवघड होता की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते आणि ६५०च्या वर शंभर जणसुद्धा नव्हते. २०२४मध्ये ६००च्या वर ८० हजारांच्या आसपास मुले होती. २०२५मध्ये ५००च्या वर पन्नास हजारांच्या थोडीच पुढे. म्हणजे २०२४मध्ये ६०० मिळवून ड्रॉप घेतलेल्या मुलीला यंदा ५२० मिळाले असतील, तर घरात सुतक असेल, पण यादीत ती प्रत्यक्षात पुढे सरकलेली असेल.

म्हणून ड्रॉपचा विचार गुणांवर करू नये. आपला अखिल भारतीय क्रमांक घ्यावा, आपल्या प्रवर्गात राज्याच्या यादीत गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत कोणत्या क्रमांकापर्यंत सरकारी जागा गेल्या ते पाहावे आणि मधले अंतर मोजावे. ही माहिती सीईटी कक्षाच्या याद्यांत उघडी असते.

त्या अंतरावरही पूर्ण विसंबता येत नाही, कारण नियमांचे पट्टे वर्षागणिक सरकतात. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना ७०:३०चे सूत्र आठवत असेल. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना असत. सप्टेंबर २०२०मध्ये ते रद्द झाले, प्रवेशाच्या तोंडावर, म्हणजे त्या वर्षी ड्रॉप घेतलेल्यांनी जुन्या सूत्राच्या याद्या पाहून निर्णय घेतला होता आणि प्रवेश नव्या सूत्रावर झाले. त्याच वर्षी करोनामुळे परीक्षा मेऐवजी १३ सप्टेंबरला झाली. २०२३च्या अखेरीस पुढच्या परीक्षेसाठी अभ्यासक्रम कमी करण्यात आला. २०२१पासून २०० प्रश्नांपैकी १८० सोडवण्याची मुभा होती, ती २०२५मध्ये गेली आणि १८० प्रश्न १८० मिनिटांत आले. २०२४मध्ये तर वाढीव गुण आणि पेपरफुटीवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १,५६३ जणांना पुन्हा परीक्षा देण्याची संधी द्यावी लागली, आणि सबंध परीक्षा रद्द होणार की नाही हे कळेपर्यंत लाखो मुले जुलैभर टांगणीवर होती. एक वर्ष मोजून घेतलेला माणूस बारा महिन्यांचा करार करतो, पण समोरचा पक्ष कराराच्या अटी मधेच बदलू शकतो. हे गृहीत धरून चालावे.

जागांचे गणितही माहीत असावे. २०१४च्या आधी देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या, २०२४-२५मध्ये त्या सुमारे १ लाख १८ हजार झाल्या. २०२५मध्ये परीक्षा दिली २२ लाख ९ हजारांनी आणि 'पात्र' ठरले १२ लाख ३६ हजार. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा यंदा १४४ गुणांवर होती. 'आमची पोरगी नीट क्वालिफाय झाली' हे वाक्य पेढे वाटण्यापुरते खरे असते. पात्र ठरलेल्या दहांपैकी एकालाही पुरी जागा नाही, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या जागा खासगी आहेत, जिथे वर्षाची फी काही लाखांत असते.

तिकडचे वर्ष

माझ्या एका शाळासोबत्याची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीत वाढली. दोन वर्षांपूर्वी तो गावी आला, तेव्हा म्हणाला, "पोरगी एक वर्ष गॅप घेतेय, मेडिकलला अर्ज करायच्या आधी." मी हळहळलो. तो हसला. तिकडे यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, हे मला नंतर वाचून कळले.

तिथे वैद्यकीय शिक्षण चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते. अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीला करायचा आणि वर्ग सुरू होणार पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेर. म्हणजे पदवी संपता संपता अर्ज केला, तर मधले वर्ष आपोआपच रिकामे पडते. आज तिथे प्रवेश घेणाऱ्यांत अर्ध्याहून अधिक जण पदवीनंतर किमान एक वर्ष थांबून आलेले असतात. एमकॅट ही प्रवेश परीक्षा वर्षात तीनदा, लागोपाठ दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते. पण तिचे गुण म्हणजे अर्जाचा एक भाग झाला. बाकी अर्जात दवाखान्यात काय काम केले, प्रयोगशाळेत काय केले, कुणाची सेवा केली, त्यातून काय शिकलात, असे रकाने असतात. शाळासोबत्याची मुलगी त्या वर्षी एका दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी बसून रुग्णांच्या नोंदी लिहीत होती. ते वर्ष तिच्या अर्जात गेले.

तिकडची पद्धत चांगली आणि आपली वाईट, असे मला म्हणायचे नाही. तिथे बिनपगारी अनुभव कमावायला घरचा पैसा लागतो, आणि शिक्षणाचे कर्ज तर सगळ्यांना माहीत आहे. आपल्या पद्धतीत खेड्यातल्या मुलीला कुणाची ओळख लागत नाही, शिफारसपत्र लागत नाही, तीन तास आणि एक पेन पुरते. ही छोटी गोष्ट नाही.

पण दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवल्यावर मला माझ्या दुकानातला मजकूर नव्याने दिसला. तिकडचा अर्ज विचारतो, 'त्या वर्षात काय केलेस?' इकडचे प्रतिज्ञापत्र लिहून घेते, 'त्या वर्षात काहीही केले नाही.' आपल्या व्यवस्थेत त्या वर्षाला रकानाच नाही. मुलीने वर्षभर आजीची शुश्रूषा केली असो, गावच्या आरोग्य उपकेंद्रात मदत केली असो की खोलीत कोंडून घेतले असो, एका दुपारी मिळालेल्या क्रमांकापलीकडे त्याची नोंद होत नाही. म्हणून 'गॅप इयर'चे तिकडचे कौतुक वाचून इकडे ड्रॉप घेऊ नये. नाव सारखे वाटले तरी वस्तू वेगळ्या आहेत. इकडे ते वर्ष फक्त गुणांसाठी घेतले जाते, तेव्हा गुण कुठून येणार हे आधी दिसले पाहिजे.

एकशेऐंशी प्रश्नांचा हिशेब

ते कसे दिसते, हे भाचीच्याच पेपरवर सांगतो. परीक्षा यंत्रणा उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरसूची दोन्ही देते. निकालानंतरच्या रविवारी आम्ही दोघे दुकान बंद करून त्या घेऊन बसलो.

बरोबर उत्तरे १२०, चुकलेली ४९, सोडलेली ११. बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा. १२० गुणिले ४ म्हणजे ४८०, वजा ४९, झाले ४३१. तिने ते ४९ प्रश्न नुसते कोरे सोडले असते, तरी ४८० झाले असते. अंदाजपंचे खुणा करण्याची किंमत तिला पहिल्यांदाच कळली.

मग त्या ४९ चुकांचे दोन ढीग केले. पहिल्या ढिगात येत असूनही चुकलेले प्रश्न, म्हणजे प्रश्नातला 'नाही' न वाचणे, एकक बदलायला विसरणे, घाईत शेजारचे वर्तुळ रंगवणे. असे १९ निघाले. दुसऱ्या ढिगात मुळातच न येणारे ३०, बहुतेक भौतिकशास्त्राचे. चुकीचे उत्तर बरोबर झाले तर चार मिळतात आणि वजा झालेला एक वाचतो, म्हणजे पाचाचा फरक. १९चे ९५. दुसऱ्या ढिगातले ३० प्रश्न कोरे सोडले तर आणखी ३०. बेरीज ५५६. नवीन एकही धडा न शिकता हा तिचा कागदावरचा माथा होता, आणि यंदा देशात ५५०च्या वर बाराच हजारांच्या आसपास मुले होती.

प्रत्यक्षात माथा कुणी गाठत नाही. निम्मे धरावे. तरी वर्ष घेण्याला काही आधार आहे, हे दिसले. याच्या उलट पेपरही मी पाहिले आहेत. एका मुलाच्या चुका जवळपास सगळ्या दुसऱ्या ढिगातल्या होत्या, तिन्ही विषयांत पसरलेल्या. त्याला वर्षभरात उजळणी नव्हे, अकरावीपासून सगळे नव्याने शिकावे लागणार होते, आणि रिपीटर बॅचमध्ये कुणी पहिल्यापासून शिकवत नाही, तिथे चाचण्या घेतात. घरच्यांनी त्याला तिथेच घातले. अशा मुलाला 'हुशार आहेस, अजून जोर लाव' म्हणणे हा मला अन्याय वाटतो.

दुसरा प्रश्न, ड्रॉप नसेल तर हातात काय आहे? दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांचे प्रवेशही 'नीट'वरच होतात. बी.एस्सी. नर्सिंग, औषधनिर्माणशास्त्र आहे. 'एमबीबीएस नाही तर काहीच नाही' असे मूल म्हणते, तेव्हा ते खरे आहे की आपण घरात तसे बोलत आलो, हे तपासावे. प्रवेश घेऊन पुन्हा परीक्षा द्यायची असेल, तर जागा कोणत्या फेरीनंतर सोडली की दंड बसतो, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात सही करण्याआधी वाचावे. बहुतेक जण सही केल्यावर माझ्याकडे येतात.

तिसरा प्रश्न मनाचा. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या ज्या प्रकरणात दिल्या, ते 'नीट'च्या तयारीसाठी विशाखापट्टणमला राहिलेल्या एका मुलीच्या मृत्यूचे होते. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा आणि गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, असे त्यात आहे. केंद्राच्या २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्ग मधेच सोडला तर उरलेल्या काळाची फी परत द्यावी, असेही आहे. प्रवेश घेताना हे तोंडावर विचारायला हरकत नाही. जिथे विचारलेले आवडत नाही, तिथे मूल ठेवू नये.

खर्च कुणाच्या नावावर?

आता ते चार दिवस.

मार्च १९८८मध्ये मी भौतिकशास्त्राच्या पेपरनंतर ड्रॉप घेतला. जीवशास्त्राच्या पेपरला गेलोच नाही. ते वर्ष मी शहरात खोली करून काढले. वडिलांनी त्यासाठी दुभती म्हैस विकली आणि वर कर्ज काढले. जून १९८९मध्ये आमच्या घरात दोन निकाल आले, माझा बारावीचा आणि धाकट्या बहिणीचा दहावीचा. माझे गुण वाढले होते, पण यादी माझ्यावर सात गुणांनी थांबली. बहीण शाळेत पहिली आली होती. तिला विज्ञानाला जायचे होते, त्यासाठी शहरात राहणे भाग होते. वडील म्हणाले, "एका वर्षाचं अजून फिटलं नाही." ती कला शाखेला गेली, गावातल्या गावात. मी टायपिंग शिकलो.

त्या वर्षाबद्दल मी पुष्कळ ठिकाणी बोललो आहे. हुशार मुलगा, थोडक्यात हुकला, अशी ती गोष्ट सांगितली जाते. बहिणीचा निकाल त्याच महिन्यात लागला होता, हे मी कुठे सांगितलेले नव्हते. भाची तिचीच धाकटी मुलगी. म्हणून फोनवर मला उत्तर देता आले नाही.

चौथ्या दिवशी बहिणीकडे गेलो. मनात 'नको' होते. आयुर्वेदाची जागा मिळण्यासारखी आहे, ती घ्यावी, असे सांगायचे ठरवले होते. बहिणीने पेपरचा हिशेब ऐकून घेतला. मग म्हणाली, "दादा, तेव्हा वर्ष तुझं होतं आणि खर्च माझा झाला. मला कुणी विचारलं नव्हतं. ह्या वेळी खर्च कुणाचा, ते आधी लिहून काढू. मग पोरगी ठरवेल."

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. आवाज चढलेला नव्हता. भाचीने वही आणली.

त्या वहीत काय लिहिले, ते सांगतो, कारण माझ्या सगळ्या कात्रणांपेक्षा ते पान इतर घरांना उपयोगी पडेल. वर्गाची फी, खोली, मेस, चाचण्या, औषधपाणी, येण्याजाण्याचे भाडे यांचा अंदाज, आणि प्रत्येक रकमेपुढे ती कुठून येणार ते. थोरल्या भावाच्या पॉलिटेक्निकची फी आधी वेगळी काढून ठेवली, तिला हात लावायचा नाही. मग अटी. वर्ष एकच. डिसेंबरअखेर चाचण्यांतली चुकीची उत्तरे निम्म्यावर आली नाहीत, तर तेव्हाच बसून बोलायचे, मेपर्यंत थांबायचे नाही. झोप सात तास. महिन्यातून दोन दिवस घरी. पुढच्या वर्षी मिळेल ती जागा घ्यायची, त्यात पर्याय कोणते ते आजच लिहायचे. शेवटची अट भाचीने स्वतः घातली. निकालाच्या दिवशी नातेवाइकांना फोन तीच करेल, दुसऱ्या कुणी करायचा नाही.

खाली तिघांनी सह्या केल्या. ड्रॉप घ्यायचा, हे तिने ठरवले.

माझ्या दुकानातून गेलेल्या इतक्या प्रतिज्ञापत्रांवर एकट्या मुलाची सही असते. त्या वर्षात घरातल्या कुणाचे काय थांबले, कुणाचे लग्न लांबले, कुणाची शाळा सुटली, हे विचारणारी ओळ त्यात नाही. सरकारी कागदात ती कधी येणारही नाही. घरातल्या वहीत मात्र ती लिहिता येते, आणि ड्रॉप घ्यावा की नाही याचे उत्तर पुष्कळदा ती ओळ लिहितानाच मिळते.

भाची सध्या शहरात आहे. सप्टेंबरच्या चाचणीत तिची चुकीची उत्तरे ४९वरून ३४वर आली. डिसेंबरची अट अजून व्हायची आहे. पुढच्या जुलैत तिला गॅप सर्टिफिकेट लागेल. ते मीच टाइप करीन, त्याच मजकुराने.

तिच्या मेसचे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला मी पाठवतो. पहिल्या महिन्यात बहीण म्हणाली, "दादा, कशाला मदत करतोस, भागतंय आमचं." मी म्हणालो, "ही मदत नाही. एकोणनव्वद सालची बाकी आहे." तिने यावर काही म्हटले नाही. पैसे ठेवून घेतले.